सासऱ्यांचं सोडियम

...नाही, पण मी म्हणतो, वाचूच द्यायचं नसेल तर छापता कशाला? पुढच्या बाजूला बघा, ही एवढाली लाल अक्षरं, 'प्रथिनांचा खजिना!', त्याखाली कुठल्याशा पहिलवानाचा दंड, दंडामागून निघणारा धूर... आणि मागे? मागे, जिथे पाकीट चिकटवलेलं असतं ना, त्या शिवणीत, करड्यावर पांढरं, मुंगीच्या पायाएवढं... सोडियम! तुम्हाला सांगतो, मी चष्म्याच्या दुकानात काम करतो, दिवसभर लोकांना पाटीवरची शेवटची ओळ वाचायला लावतो, पण एवढी बारीक ओळ आमच्या पाटीवरसुद्धा नाही! ती वाचायला मला दुकानातलं भिंग घरी न्यावं लागलं, आणि त्या भिंगापायी सासऱ्यांनी माझं नाव पाडलं, भिंगवाले! मी काय मागत होतो हो? एवढंच ना, की पाकीट उलटं करा. पुढचं सगळं खरं असेल, पहिलवानही खरा असेल, पण पाकीट एकदा उलटं करा!

कसलं पाकीट? हां, ते राहिलंच सांगायचं. धुरी दिलेल्या मांसाच्या पट्ट्या. दुकानात काउंटरजवळ टांगलेल्या असतात बघा, तपकिरी, वाळलेल्या, लांबट, घड्याळाच्या जुन्या पट्ट्यासारख्या. आमचे सासरे बंदरावर क्रेन चालवायचे. उभा जन्म त्या वरच्या काचेच्या खोपटात गेला. सकाळी शिडीने चढायचं ते संध्याकाळी उतरायचं, दोन्ही हात दांड्यांवर, खाली माणूस हातवारे करतोय, हवेत भलामोठा खोका लोंबकळतोय, अशात डबा उघडणार कधी आणि खाणार कधी? मग पट्टी! एक पट्टी गालात सरकवायची आणि चघळत राहायचं. सासरे म्हणायचे, "जावईबापू, एका पट्टीत मी अख्खं जहाज रिकामं करायचो." आता जहाज रिकामं झालं, नोकरी संपली, सासूबाई गेल्या, हृदय कमजोर झालं म्हणून हे आमच्याकडे राहायला आले... लोकांकडे घरजावई असतो, आमच्याकडे घरसासरा!... पण पट्टी काही गालातून निघेना.

आणि हृदय कमजोर म्हणजे कसं? पंप धड चालत नाही, पाणी अंगात साचतं, पायावर सूज. नडगीवर अंगठा दाबला की खड्डा पडायचा, पडायचा तो तसाच राहायचा, पिठाच्या गोळ्यात राहतो तसा. आमची ही रोज सकाळी बापाच्या पायावर अंगठा दाबून तो खड्डा बघत बसायची. कशाला बघायची? बघून तो भरणार आहे का? पण बघायची.

तर दवाखान्यातल्या आहाराच्या बाई होत्या, तरुण, हसतमुख, पण मिठाच्या बाबतीत फौजदार! पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "काका, मीठ अगदी मोजून. पाणीसुद्धा मोजून. आणि त्या पट्ट्या बंद."

"बाई, त्यात नुसती प्रथिनं असतात," सासरे म्हणाले. "पाकिटावर लिहिलंय."

मी तिथेच होतो. म्हटलं, बाबा, पाकीट उलटं करा! मी करून आणलं होतं ना, भिंगाने वाचून, पाठ! तीस ग्रॅमला प्रथिनं दहा ग्रॅम, कबूल. चरबी अगदीच थोडी, तेही कबूल. साखर पाच ग्रॅम... मांसात साखर! कुणी मागितली होती? आणि सोडियम सहाशे मिलिग्रॅम! बरं, तीस ग्रॅम म्हणजे किती, तर दीड पट्टी. दीड! जगात असा कोण माणूस आहे जो एक पट्टी खातो, दुसरी मधोमध तोडतो आणि उरलेली उद्यासाठी ठेवतो? पाकिटात नव्वद ग्रॅम. पाकीट फोडलं की संपलं. म्हणजे अठराशे! आणि बाईंनी अख्ख्या दिवसाला दिलेले दोन हजार! उरलेल्या दोनशेत माणसाने नाश्ता करायचा, जेवायचं की वास घ्यायचा?

बाई खूश झाल्या माझ्यावर. समजावून सांगायला लागल्या, "काका, मांस वाळवलं की त्यातलं पाणी उडून जातं. आकार लहान होतो, पण प्रथिनं तेवढीच राहतात आणि लावलेलं मीठही आतच राहतं. म्हणून एवढ्याशा तुकड्यात सगळं दाटून येतं."

सासऱ्यांनी अगदी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, मला पाणी प्यायची बंदी. वर पाणी काढायची गोळी दोन वेळा. दर आठवड्याला मी लहान होतोय. तुम्ही माझीच पट्टी करताय की! आता फक्त धुरी द्यायची राहिली."

बाई हसल्या, मी हसलो, बाहेर बसलेला पेशंटसुद्धा हसला. ही नाही हसली. ही बापाच्या शर्टाकडे बघत होती, कॉलरमध्ये मान कशी हलत होती त्याच्याकडे.

मग सुरू झाली लपवालपवी. मी कोपऱ्यावरच्या दुकानदाराला बजावून ठेवलं, आमच्या काकांना पट्ट्या द्यायच्या नाहीत. तो म्हणाला, "साहेब, ते गिऱ्हाईक आहेत, पण तुम्ही म्हणताय तर नाही देत." तरी पाकिटं घरात येत होती! कुठून येत होती, देव जाणे. मिटलेल्या छत्रीत सापडली. गरम पाण्याच्या रबरी पिशवीत सापडली. आणि कहर म्हणजे, मीच दिलेल्या चष्म्याच्या डबीत! माझ्या दुकानाची डबी, आत मखमल, आणि मखमलीवर आडवी झोपलेली पट्टी! चष्मा कुठे? चष्मा खिडकीत, धूळ खात!

सकाळी ही वजनकाटा काढायची. वजन वाढलं म्हणजे पाणी साचलं, पाणी साचलं म्हणजे मीठ गेलं.

"बाबा, वजन वाढलंय."

"स्वेटर घातलाय."

"स्वेटर कालही होता."

"काल तो पातळ होता."

"बाबा, खरं सांगा, खाल्लंत ना?"

"मला नकोच असतं गं ते! तोंडाची सवय आहे, दुसरं काय."

आता सांगा, ह्या माणसावर रागवायचं तरी कसं? पण रागवायचो आम्ही. रोज रागवायचो. मी भिंग घेऊन समोर उभा राहायचो, वाचून दाखवायचो, ते कान झाकायचे, ही दोघांवर ओरडायची. शेजारच्यांना वाटत असेल, इथे भांडणाची शिकवणी चालते. मी आपलं एकच म्हणत होतो, बाबा, पाकीट उलटं करा...

एके दुपारी मी दुकानात काच घासत होतो, तर हिचा फोन, "अहो, बाबांना धाप लागलीय." एवढंच. आवाजात काहीच नव्हतं. मी धावत गेलो, तर हे खुर्चीत पुढे वाकून बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि श्वास असा, जणू कुणी पाण्याखाली दाबून धरलंय. दवाखाना झाला, नळ्या झाल्या, सुया झाल्या, अंगातलं पाणी काढलं, आणि पाणी काढल्यावर जे गादीवर उरलं ना... तुम्हाला सांगतो, मला त्यांच्या पलंगाशी उभं राहून ओळख पटवावी लागली. क्रेन चालवणारे हात ते. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत जात होतं.

घरी सोडायच्या दिवशी आहाराच्या बाईंनी आम्हा दोघांना बाहेर बोलावलं, पिण्याच्या पाण्याच्या मशीनपाशी. मी तयारीतच होतो. म्हटलं, "बाई, आता मीठ आणखी कमी करायचं ना? पूर्ण बंद? मी भिंग..."

"नको," बाई म्हणाल्या. "आता त्यांना जे आवडतं ते द्या. काही बंधन नको."

"त्या पट्ट्यासुद्धा?"

"त्यासुद्धा."

"पण सोडियम?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "राहू दे आता सोडियम," म्हणाल्या.

आणि मला... हसू नका... मला आनंद झाला हो! मला वाटलं, सुटलो! पाणी काढून टाकलं, पंप बसला जागेवर, शिक्षा माफ! हिला आणि सासऱ्यांना गाडीत बसवून घरी पाठवलं आणि मी पट्ट्या आणायला तसाच दुकानात. "द्या!" म्हटलं. "साधी द्या, मिरीची द्या, ती मधाची पण द्या!"

दुकानदार म्हणाला, "अरे वा! काका बरे झाले म्हणायचे!"

"बरे म्हणजे काय! बाईंनी स्वतः सांगितलं, आता काहीही खाऊ द्या."

तो पिशवीत पाकिटं भरत होता, त्याचा हात थांबला. "काहीही?"

"काहीही!"

"असं म्हणाल्या?" त्याने पिशवी काउंटरवर ठेवली. मग बराच वेळ पिशवीचे बंद सरळ करत राहिला. म्हणाला, "आमच्या आईच्या वेळी पण असंच म्हणाले होते."

बिस्किटांच्या रॅकसमोर उभा होतो मी. मागे एक बाई ताटकळत होती, "जरा सरकता का?" म्हणाली. मी सरकलो. आयुष्यभर लोकांची नजर तपासतो मी, आणि आहाराच्या बाईंच्या तोंडावर जे स्पष्ट लिहिलं होतं ते मला वाचता आलं नाही, ते एका दुकानदाराने वाचून दाखवलं. ही? हिला तिथेच कळलं होतं, पाण्याच्या मशीनपाशी. मी घरी गेलो, तर तिने पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "बशीत काढा."

बशीत काढल्या. छान रचून काढल्या, पाहुण्यांना देतात तशा. पलंगाजवळच्या टेबलावर ठेवल्या. सासरे बशीकडे बघत राहिले.

"आज भिंग नाही आणलंत?"

"नाही."

"दुकानात राहिलं?"

"हो."

"मीठ किती म्हणे हो यात?"

"असू दे ना, बाबा. तुम्ही खा."

बघा, मी किती प्रेमाने म्हटलं! इतक्या प्रेमाने मी त्यांच्याशी लग्नानंतर एकदाही बोललो नव्हतो. आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं... वरून, खोपटातून खालच्या माणसाकडे बघावं तसं, की हा हात का हलवत नाही? मग बशी सरकवली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सूप नाही, दूध नाही. ही कपाळावर हात ठेवायची, तर हात काढून टाकायचे. बशी तशीच. ज्या माणसाने एका पट्टीसाठी रबरी पिशवीत हात घातला, त्याच्या हाताशी भरलेली बशी, आणि तो भिंत बघतोय! मीठ नको, पाणी नको, आम्ही नको. हिने किती विनवण्या केल्या. "बाबा, एक तरी. तुमच्या आवडीची, मिरीची."

आणि मग मी संध्याकाळी दुकानातून आलो, बूट काढतोय, आणि ती बशी दिसली, तशीच, वर एक माशी. आणि मला काय झालं मला ठाऊक नाही, माझं डोकंच फिरलं. कुणावर? बाईंवर असेल, माशीवर असेल, देवावर असेल. मी ओरडलो, "हे इथे कुणी ठेवलं? कुणी ठेवलं हे इथे? अठराशे मिलिग्रॅम आहे! मी बोंबलून मेलो, पाकीट उलटं करा, पाकीट उलटं करा, या घरात कुणाला वाचता येत नाही का?" आणि बशी उचलली.

ही स्वयंपाकघरातून धावत आली, "अहो, काय करताय तुम्ही!"

आणि पलंगावरून आवाज आला. बारीक, पण आवाज. "भिंगवाले, खड्ड्यात घाला तुमचं भिंग!"

मी वळलो. तोंड इकडे होतं. डोळे उघडे होते.

"दीड पट्टीने कुणी मरत नाही!" सासरे म्हणाले.

"दीड? तुम्ही कधी दीड खाल्लीत? अख्खं पाकीट रिचवता!"

"तुमच्या बापाचं खातो का?"

"बापाचं नाही, जावयाचं खाता!"

"बाबा! अहो!" ही आता दोघांवर ओरडायला लागली, "लाज वाटते का दोघांना, आजारी माणसाने आरोळ्या मारायच्या असतात का?", आणि ओरडता ओरडता तिने काय केलं असेल? सूप गरम केलं. आणि सासऱ्यांनी शिव्या देत देत अर्धी वाटी घेतलं. ही वाटी धुवायला गेली आणि नळ सोडून किती तरी वेळ उभी राहिली, मी आत गेलो नाही.

मग तेच आमचं काम झालं. मी पट्ट्या लपवायच्या आणि त्यांनी चोरायच्या. पण लपवायचं म्हणजे किती? आधी कपाटात लपवत होतो, त्यांना कपाटापर्यंत जाता येईना. मग खुर्चीच्या गादीखाली. मग टेबलाच्या खणात. मग उशीपासून वीतभर लांब, वर्तमानपत्राच्या घडीत! तुम्हाला सांगतो, सासऱ्याला सापडेल असं लपवायचं आणि लपवलंय असंही वाटायला हवं, याच्याइतकं अवघड काम नाही. सकाळी ही घडी उघडायची, मोजायची, "बाबा! परत?" आणि सासरे, "मी नाही बुवा! उंदीर असेल." "उंदराला मिरीची आवडते का?" "मला काय माहीत, मी काय त्याचा जावई आहे?"

त्यांच्या आग्रहावरून बाईंना घरी बोलावलं. "त्या बाईंना सांगा, मी पथ्य पाळतोय." मी जिन्यात बाईंना सगळी हकीकत सांगितली, त्या ऐकत होत्या, मान हलवत होत्या. वर आल्या, पलंगावर बसल्या, नडगीवर अंगठा दाबला आणि कडाडल्या, "काका! मला फसवता? हा खड्डा कशाचा आहे? पाकिटं फोडताय तुम्ही!" सासऱ्यांचा चेहरा असा फुलला, की बस. म्हणाले, "बघा, जावईबापू, फौजदार कशाला म्हणतात ते." बाई जाताना जिन्यात थांबल्या, चष्मा काढून पुसला. काचा स्वच्छ होत्या. मला कळतं ना, माझा धंदा आहे.

मग एक दिवस ही आंघोळीला गेली होती आणि मी त्यांची चादर बदलत होतो. त्यांना हळूच कुशीवर वळवलं, वजन काही नव्हतंच, आणि गादी आणि भिंत यांच्या फटीत हात गेला. पट्ट्या. सगळ्या. साधी, मिरीची, मधाची. एकही चावलेली नव्हती. टोकसुद्धा ओलं झालेलं नव्हतं.

मी वर बघितलं, तर हे माझ्याकडेच बघत होते.

"सापडल्या?"

"हो."

"चव लागत नाही हो आता. चावतही नाही." मग म्हणाले, "तिला सांगू नका. बिचारी रोज ओरडते, तेवढं तरी करता येतं तिला."

मी परत सरकवल्या फटीत. नीट सरकवल्या, हिला दिसणार नाहीत अशा. चादर ताणून खोचली. आणि संध्याकाळी आल्या आल्या दारातूनच आरडाओरडा केला, की आज परत दोन पट्ट्या कमी कशा? सासरे म्हणाले, "जावयाची जात! मोजून वाढतो!"

गेले ते. सकाळी गेले, हिने चहा आणला तेव्हा. फटीतल्या पट्ट्या मी हिच्या आधी काढल्या, तिला दाखवल्या नाहीत. लोक भेटायला आले, आणि ही प्रत्येकाला सांगत होती, "शेवटी बाबा अगदी मनासारखं खाऊन गेले हो. चोरून का होईना, पण खाऊन गेले. तेवढंच समाधान." लोक माझ्याकडे बघायचे. मी मान हलवायचो. अजून हलवतो.

न फोडलेली पाकिटं उरली, ती ओट्याच्या वरच्या फळीवर होती. फेकवत नव्हती. आणि तुम्हाला सांगतो, मला मांसाचा वाससुद्धा चालत नाही, मी जन्मात कधी तोंडाला लावलेलं नाही. पण परवा ही बाहेर गेली होती, आणि मी एक पाकीट फोडलं. एक पट्टी गालात सरकवली. का, ते विचारू नका. आणि काय लागतं म्हणता? चपलेचा अंगठा! खारट, जळकट, वर ती साखर! यासाठी? या एवढ्यासाठी भांडलो आम्ही? डोळ्यांत पाणी आलं, जबडा दुखला, गिळवेना, थुंकवेना... आणि दारात ही!

"अहो! काय खाताय? तुमचं ब्लडप्रेशर किती आहे माहितीये ना?"

म्हटलं, "अगं, मला नकोच आहे ते!"

तिने पाकीट हिसकावलं, सगळी पाकिटं उचलली, कपाटात कोंबली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचत म्हणाली, "बाबाही अगदी असंच म्हणायचे!"

...आता हिला काय सांगू?